टालीलिनची आगगाडी

(१)

इतिहास म्हटला कीं राजांचीं युद्धें, तहनामे आणि राज्यक्रांत्या यांचीच आठवण व्हावी, अशी आपल्या मनाला शाळेपासून संवय लागलेली असते. आगगाडीचा इतिहासहि या संवयींतून सुटलेला नाहीं. बोरघाट कसा फोडला, १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्याची पहिली गाडी तोफांच्या सलामींत कशी सुटली, रूळ कोठून कोठें गेले, हें आपण कौतुकानें वाचतों. परंतु एखादी आगगाडी मरणाच्या दारीं पोंचली असतां तिला तेथून परत कोणीं आणिलें, हा प्रश्न इतिहासकाराला क्वचितच पडतो. वस्तुतः नवें देऊळ बांधण्यापेक्षां जुन्याच्या जीर्णोद्धाराचें पुण्य अधिक, असें मानण्याची आपल्याकडे रूढि आहे. या रूढीच्या मुळाशीं मनुष्यस्वभावाचें एक मार्मिक ज्ञान आहे. नवें बांधणाऱ्याचें नांव कोनशिलेवर लागतें; जुनें राखणाऱ्याच्या वांट्याला बहुधा चुना, घाम आणि शेजाऱ्यांचें हंसूं एवढेंच येतें. म्हणून राखणाऱ्यांचा इतिहास लिहिणें हें थोडेंसें ऋण फेडण्यासारखें आहे.

प्रस्तुत लेखांत ज्या आगगाडीची हकीकत सांगावयाची आहे, ती वेल्स देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिची लांबी सव्वासात मैलांची, आणि दोन रुळांमधील अंतर अवघें २ फूट ३ इंच. कार्डिगनच्या उपसागरावर टविन नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथून निघून ती फॅथ्यू नदीच्या खोऱ्यानें डोंगरांत शिरते. उत्तरेस काडर इद्रिस हा वेल्श दंतकथांत गाजलेला पर्वत, दोहों बाजूंस मेंढरांचीं कुरणें आणि दगडी कुंपणें, आणि सदा भुरभुरणारा पाऊस. कोंकणांतील श्रावण ज्यानें पाहिला आहे त्याला हा देखावा अगदींच परका वाटणार नाहीं. गाडीचें नांव 'टालीलिन'. यांतील अखेरच्या 'ल'चा वेल्श उच्चार आपल्या लिपींत लिहितां येत नाहीं. जीभ 'ल'च्या जागीं ठेवून बाजूंनीं नुसती हवा सोडिली म्हणजे तो साधतो. या नांवाचा अर्थ 'सरोवराचें टोंक' असा आहे. मौज अशी कीं, ही गाडी त्या नांवाच्या सरोवरापर्यंत कधींच पोंचली नाहीं. त्याच्या अलीकडे कांहीं मैलांवर डोंगर तिला थांबवितो, आणि ती मुकाट्यानें परत फिरते.

(२)

या गाडीच्या जन्माची कथा सांगावयाची म्हणजे मुंबईचें नांव घेणें भाग आहे. १८६१ सालीं अमेरिकेंतील उत्तर आणि दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेचीं बंदरें उत्तरेच्या आरमारानें कोंडलीं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. त्यापुढील तीन-चार वर्षांत मुंबईंत काय घडलें तें आपणांस ठाऊक आहे. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे भाव गगनाला भिडले; मुंबईंत चांदीचा पूर आला; प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर लक्षावधींचे व्यवहार होऊं लागले; बॅकबेच्या समुद्रांत जी जमीन अजून वर आलीच नव्हती तिचे शेअर लोक हातोहात विकूं लागले. पुढें १८६५ च्या वसंतांत युद्ध संपलें, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजीं, वायद्यांचे हिशोब पुरे करण्याच्या दिवशीं, मुंबईच्या अनेक सावकारांचीं दिवाळीं निघालीं.

त्याच युद्धानें मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना उलट दिशेनें ढकललें. सूत काढावयाला कापूस नाहीं, तेव्हां अडकून पडलेलें भांडवल दुसरीकडे घालावें, असा विचार त्यांच्यांतील कांहीं सधन मंडळींनीं केला. विल्यम मॅकॉनेल हे त्यांपैकींच एक. मॅकॉनेल घराण्याच्या सुताच्या गिरण्या मँचेस्टरमध्यें नांवाजलेल्या होत्या. त्यांची नजर वेल्सच्या डोंगरांतील ब्रिन एग्लुइस येथील दगडाच्या खाणीवर गेली. हा दगड म्हणजे आपण ज्याला पाटीचा दगड म्हणतों तो. आपल्यापैकीं जुन्या पिढीनें ज्या काळ्या पाटीवर मुळाक्षरें गिरविलीं तिचा हा सख्खा भाऊ. परंतु त्याचा खरा खप घरांच्या छपरांसाठीं होता. इंग्लंडांतील कारखान्यांचीं शहरें त्या काळीं झपाट्यानें वाढत होतीं आणि त्या लक्षावधि घरांवर घालावयाला वेल्सच्या दगडाचे पातळ, न झिरपणारे तुकडे हवे होते.

ब्रिन एग्लुइसची खाण १८४० नंतरच्या दशकांत लहान प्रमाणांत चालू झाली होती. दगड तट्टांच्या पाठीवरून डोंगर उतरून नदीकांठीं आणावयाचा, तेथें होड्यांत घालावयाचा, आणि आबेरडोवी बंदरांत पुन्हां गलबतांवर चढवावयाचा, असा तो द्राविडी प्राणायाम होता. प्रत्येक चढउतारांत कांहीं पाट्या फुटत आणि नफाहि त्यांच्याबरोबर फुटे. मॅकॉनेल व त्यांच्या भागीदारांनीं १८६४ सालीं कंपनी काढिली, खाणीपासून टविनपर्यंत लोहमार्ग घालण्याचें ठरविलें, आणि त्यासाठीं पार्लमेंटचा कायदा मिळविला. या कायद्याला राणीची संमति मिळाली ती ५ जुलै १८६५ रोजीं. म्हणजे मुंबईचा फुगा फुटला त्या आठवड्यांतच. एकाच युद्धानें एका शहरांतील पेढ्या बुडविल्या आणि हजारों मैलांवरील एका ओसाड खोऱ्यांत रूळ घातले. वऱ्हाडांतील शेतकऱ्याला टालीलिनचें नांव कधीं ऐकूं आलें नाहीं, आणि वेल्सच्या खाणकामगाराला वऱ्हाडचें. परंतु दोघांच्याहि नशिबाच्या दोऱ्या एकाच चरख्यावर वळल्या जात होत्या.

(३)

लोहमार्गाचा इंजिनिअर जेम्स स्विंटन स्पूनर हा होता. त्याच्या घराण्यानेंच उत्तर वेल्समधील फेस्टिनिऑगचा प्रसिद्ध अरुंद मार्ग नांवारूपाला आणिला होता. ब्रिटनमध्यें अरुंद मार्ग त्यापूर्वींहि होते. परंतु वाफेच्या इंजिनानें उतारूंची ने-आण करण्याची परवानगी पार्लमेंटच्या कायद्यानें प्रथमपासूनच घेतलेला असा अरुंद मार्ग हा पहिलाच. इंजिनें दोन, व्हाइटहेवन येथील फ्लेचर-जेनिंग्ज यांच्या कारखान्यांत केलेलीं. एकाचें नांव 'टालीलिन', दुसऱ्याचें 'डोलगोख'. हें दुसरें नांव वाटेंतील एका धबधब्याच्या जागेवरून ठेविलें आहे. तेथें दरीवर विटांचा तीन कमानींचा पूल आहे, आणि सबंध मार्गावर मोठें म्हणतां येईल असें बांधकाम तेवढेंच.

१८६६ सालीं सरकारी तपासनीस कॅप्टन टायलर पाहणीस आला तेव्हां एक लाजिरवाणी चूक उघडकीस आली. मार्गावरील पुलांच्या कमानी इतक्या अरुंद बांधिल्या गेल्या होत्या कीं, डबा आणि भिंत यांमध्यें कायद्यानें मागितलेली मोकळी जागा राहत नव्हती. पूल पाडून पुन्हां बांधावे तर पैसा नाहीं; डबे कापावे तर बसावयाचें कोठें? शेवटीं कंपनीनें एक गांवठी तोड काढिली. पुलांखालीं रूळ मध्यापासून एका बाजूस सरकविले आणि डब्यांच्या दुसऱ्या बाजूचीं दारें कायमचीं बंद करून टाकिलीं. आजहि या गाडीच्या डब्यांत एकाच बाजूनें चढतां-उतरतां येतें. टायलरनें इंजिनांविषयींहि तक्रार केली. टालीलिन पळतांना खालींवर उसळे आणि डोलगोख डावीकडे-उजवीकडे डोले. टालीलिनच्या मागें चाकांची आणखी एक जोडी लावून त्याची उसळी थांबविली. इतकें झाल्यावर त्या वर्षाअखेरीस उतारूंसाठीं गाडी सुरू झाली.

या तपशिलाला लेखकानें मुद्दाम जागा दिली आहे. ही गाडी कांहीं इंजिनिअरीचा चमत्कार नव्हती. ती घाईनें, काटकसरीनें, चुका करून आणि त्या चुका झांकून उभी केलेली एक कामचलाऊ वस्तु होती. पुढें जेव्हां लोकांनीं तिच्यासाठीं जिवाचें रान केलें, तेव्हां त्यांना तिच्या भव्यतेचा मोह पडला होता असें कोणींहि म्हणूं शकणार नाहीं.

(४)

१८७० नंतरचीं कांहीं वर्षें खाणीला भरभराटीचीं गेलीं. सुमारे ३०० माणसें तेथें राबत. त्यांच्यासाठीं आबेरगिनोल्विन हें गांवच नव्यानें वसलें. परंतु दगडाचा भाव उतरूं लागला, चांगला थर खोल जाऊं लागला, आणि मॅकॉनेल घराण्याची आशा सुटली. खाण बंद पडणार असें दिसूं लागतांच १९११ सालीं हेन्री हेडन जोन्स यांनीं खाण व आगगाडी दोन्ही विकत घेतल्या. हे टविनचेच, तेथें त्यांचें लोखंडी सामानाचें दुकान होतें, आणि १९१० पासून १९४५ पर्यंत ते मेरिऑनेथ परगण्याचे पार्लमेंटांतील लिबरल सभासद होते. या व्यवहारांत नफा होईल असा भ्रम त्यांना झाला असेल असें वाटत नाहीं. खाण बुडाली तर गांव बुडेल, एवढेंच त्यांनीं पाहिलें. आपण जिवंत आहों तोंवर गाडी चालेल, असा शब्द त्यांनीं दिला होता.

शब्द पाळणें म्हणजे काय, तें पुढील चाळीस वर्षांत दिसून आलें. पैसा नव्हता, म्हणून रूळ बदलले नाहींत. लांकडी स्लीपर कुजून माती झाले. मार्गावर गवत इतकें माजलें कीं, रुळांना जागेवर धरून ठेवण्याचें काम गवताच्या मुळ्याच करितात, असें लोक थट्टेनें म्हणत. दोन इंजिनांपैकीं टालीलिन अखेर निकामी होऊन शेडमध्यें पडलें, आणि ऐंशी वर्षांचें डोलगोख एकटेंच गाडी ओढूं लागलें. २६ डिसेंबर १९४६ रोजीं खाणींत मोठी दरड कोसळली आणि खाण बंद झाली. ज्या दगडासाठीं हे रूळ पडले तो दगड आतां येणार नव्हता. तरीहि सर हेडन यांनीं आपल्या पदरच्या खर्चानें उन्हाळ्यांत आठवड्यांतून थोडे दिवस उतारूंची गाडी चालू ठेविली.

१९४८ च्या प्रारंभीं ब्रिटनमधील आगगाड्या सरकारच्या ताब्यांत गेल्या. शेजारच्या खोऱ्यांतील कॉरिस नांवाची, याच मापाच्या रुळांची, लहान गाडी त्यांत सांपडली आणि त्याच वर्षीं बंद झाली. टालीलिनचें नांव मात्र सरकारी यादींत नव्हतें. तिची कोणास आठवण झाली नाहीं, म्हणून ती वांचली. कधीं कधीं उपेक्षा हीच वस्तूंना कवचासारखी उपयोगी पडते. परंतु उपेक्षेनें मिळालेलें आयुष्य एका म्हाताऱ्या माणसाच्या श्वासावर टांगलेलें होतें. २ जुलै १९५० रोजीं सर हेडन जोन्स निवर्तले. चालू हंगाम संपेपर्यंत गाडी धांवली. त्यानंतर काय, याचें उत्तर कोणापाशींहि नव्हतें.

(५)

उत्तर आलें तें टविनमधून नव्हे, बर्मिंगहॅममधून. टॉम रोल्ट या नांवानें ओळखले जाणारे लेखक या कथेचे सूत्रधार होत. १९१० सालीं जन्मलेले रोल्ट हे स्वतः शिकलेले इंजिनिअर. स्टोक येथील केर-स्टुअर्टच्या इंजिनांच्या कारखान्यांत त्यांनीं उमेदवारी केली होती. पुढें ते पत्नीसह एका अरुंद होडीवर राहूं लागले आणि इंग्लंडांतील जुन्या, ओस पडत चाललेल्या कालव्यांतून हिंडले. त्या प्रवासावरील त्यांचें पुस्तक १९४४ सालीं निघालें, आणि त्यांतूनच कालवे वांचविण्याची चळवळ उभी राहिली. यंत्रावर प्रेम करणारा आणि यंत्रयुगाच्या एकसुरीपणाला विटलेला, असा हा गृहस्थ होता. या दोन गोष्टींत ज्याला विरोध वाटेल त्यानें एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, सुताराला लांकूड आवडतें याचा अर्थ त्याला जंगलतोड आवडते असा होत नाहीं.

१९४९ सालीं बर्मिंगहॅमच्या एका वृत्तपत्रांतून टालीलिनच्या भवितव्याची चर्चा झाली. रोल्ट यांनीं त्यांत पत्र लिहून सुचविलें कीं, सरकार या गाडीला वांचविणार नसेल, तर ज्यांना ती हवी आहे त्यांनींच ती चालवावी. सर हेडन यांची भेटहि त्यांनीं घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर, ११ ऑक्टोबर १९५० रोजीं, बर्मिंगहॅम येथील इंपीरियल हॉटेलांत जाहीर सभा भरली. सुमारे ७० माणसें आलीं. त्यांत राजकारणी नव्हते, धनाढ्य नव्हते. आपापली नोकरी-धंदा सांभाळून सुटीच्या दिवशीं डोंगरांत जाणारे मध्यम स्थितींतील गृहस्थच बहुतेक होते. त्या सभेंत टालीलिन आगगाडी संरक्षक मंडळाची स्थापना झाली. सर हेडन यांच्या पत्नीनें मन मोठें केलें. भंगारवाल्याला रूळ विकून चार पैसे मिळविणें त्यांना अशक्य नव्हतें. तसें न करितां १९५१ च्या फेब्रुवारींत त्यांनीं गाडी नव्या मंडळाच्या स्वाधीन होईल अशी व्यवस्था केली.

हें घडलें तेव्हां जगांत कोठेंहि आगगाडी हौशी स्वयंसेवकांनीं चालविल्याचें उदाहरण नव्हतें. रेल्वेचा धंदा म्हणजे शिस्तीचा, कायद्याचा, जबाबदारीचा. चूक झाली तर माणसें मरतात. रविवारीं येणारे कारकून आणि विद्यार्थी हें काम कसें पेलणार, असा प्रश्न समंजस लोकांनीं विचारला असेल तर त्यांत त्यांची चूक नव्हती. त्या प्रश्नाला तर्कानें उत्तर देतां येण्यासारखें नव्हतें. तें हातांनींच द्यावें लागलें.

(६)

१४ मे १९५१ रोजीं, व्हिट्सन सणाच्या सोमवारीं, नव्या व्यवस्थेखालील पहिली गाडी टविनहून सुटली. ती साऱ्या मार्गावर गेली नाहीं. पहिल्या टप्प्यांतील रिडरोनेन या ठिकाणापर्यंत जाऊन परत आली. म्हाताऱ्या डोलगोखशिवाय ओढावयाला कोणी नव्हतें. रोल्ट यांनीं १९५१ व १९५२ या दोन हंगामांत व्यवस्थापकाचें काम पत्करिलें. रोज संध्याकाळीं इंजिन शेडमध्यें परत आलें कीं आजचा दिवस निभावला, आणि सकाळीं वाफ धरली कीं उद्यांचा निभेल अशी आशा, असा तो संसार होता.

दुसऱ्या इंजिनाची गरज उघड होती. सुदैवानें बंद पडलेल्या कॉरिसचीं दोन इंजिनें मखन्थलेथ येथें सरकारी रेल्वेच्या आवारांत पडून होतीं, आणि रुळांचें माप तेंच. मंडळानें तीं प्रत्येकीं २५ पौंडांना विकत घेतलीं. एकाला 'सर हेडन' आणि दुसऱ्याला गाडीचे जुने व्यवस्थापक 'एडवर्ड टॉमस' यांचें नांव दिलें. परंतु सर हेडन रुळांवर घालतांच पुन्हां पुन्हां खालीं उतरूं लागलें. शोध करितां असें आढळलें कीं, डोलगोखचीं चाकें एकमेकांपासून फार लांब असल्यामुळें त्याला वळणें सोंपीं जावींत म्हणून जुन्या कंपनीनें रूळ मुद्दाम सुमारे अर्धा इंच सैल बसविले होते, आणि कॉरिसच्या इंजिनांच्या चाकांची धांव अरुंद होती. जुन्या घरांत नवी सून आली म्हणजे दाराच्या चौकटीपासून सगळें निराळें भासतें, तसाच हा प्रकार. मार्ग नीट मापांत आणल्यावांचून गत्यंतर नव्हतें. आणि मार्ग म्हणजे सात मैल कुजके स्लीपर, झिजलेले रूळ आणि माजलेली झुडपें.

दुसरें इंजिन, एडवर्ड टॉमस, तर फार जीर्ण होतें. तें १९२१ सालीं केर-स्टुअर्टच्या कारखान्यांत झालेलें. म्हणजे ज्या कारखान्यांत पुढें रोल्ट शिकले तेथलेंच. तो कारखाना बुडाला होता, परंतु त्याचे नकाशे व हक्क लीड्सच्या हन्स्लेट कंपनीकडे गेले होते. त्या कंपनीनें तें इंजिन मोफत दुरुस्त करून दिलें, आणि १९५२ मध्यें तें धांवूं लागलें. टालीलिन इंजिनाचा मात्र पुनर्जन्म होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें.

या हकीकतींत पराक्रमाचे प्रसंग थोडे आणि कंटाळवाणें काम फार. काठावरची झुडपें तोडणें, गटारें उपसणें, खडी पसरणें, एक एक स्लीपर ओढून काढून नवा घालणें, पहांटें उठून इंजिनांत विस्तव घालणें, तिकिटें फाडणें, डब्यांच्या कांचा पुसणें. वर्षामागून वर्षें माणसें आपली सुटी खर्चून हें करूं लागलीं. आजहि मंडळाकडे पगारी माणसें थोडीं असून गाडीचा मोठा भार स्वयंसेवकांच्याच खांद्यावर आहे. त्यांतील विनोदहि गोड आहेत. रेव्हरंड ऑड्री नांवाचे एक पाद्री १९५२ मध्यें हौसेनें गार्डाचें काम करावयास आले. एकदां त्यांनीं हिरवें निशाण दाखविलें आणि आबेरगिनोल्विनच्या फलाटावर चहाफराळ विकणाऱ्या बाई मागेंच राहिल्या! हे ऑड्री म्हणजे मुलांच्या आवडत्या 'टॉमस' इंजिनाच्या गोष्टींचे कर्ते. १९५५ च्या त्यांच्या पुस्तकांत टालीलिन आणि तिचीं इंजिनें निराळ्या नांवांनीं अवतरलीं, आणि तो फजितीचा प्रसंगहि त्यांनीं कथेंत घालून आपलें प्रायश्चित्त घेतलें.

टालीलिनचें पाहून इतर ठिकाणीं माणसांना धीर आला. फेस्टिनिऑगच्या ओस मार्गावर १९५५ मध्यें पुन्हां गाडी चालूं लागली. ससेक्समधील ब्लूबेल १९६० मध्यें, वेल्शपूल-लानवायर १९६३ मध्यें. खुद्द कॉरिसचा कांहीं भागहि २००२ सालीं उतारूंसाठीं उघडला. १९७६ मध्यें टालीलिनचा मार्ग आबेरगिनोल्विनच्या पुढें, जेथें पूर्वीं फक्त दगडाचे वाघिणे जात, त्या नान्ट ग्वेर्नोलपर्यंत उतारूंसाठीं वाढविण्यांत आला. रोल्ट यांनीं तो दिवस पाहिला नाहीं. ते १९७४ मध्यें वारले. १९९१ पासून त्यांच्या नांवाचें एक इंजिन तेथें धांवतें. २०२१ च्या जुलैमध्यें युनेस्कोनें वायव्य वेल्सच्या दगडखाणींच्या प्रदेशाला जागतिक वारशांत जागा दिली. त्यांत ब्रिन एग्लुइस, आबेरगिनोल्विन आणि ही आगगाडी यांचाहि समावेश आहे.

(७)

येथवर हकीकत झाली. आतां तिच्याविषयींचे दोन आक्षेप विचारांत घेणें प्राप्त आहे. कारण केवळ आरती ओवाळणें हें इतिहासाचें काम नव्हे.

पहिला आक्षेप असा कीं, ही वस्तु आतां जुनी राहिलीच कोठें? रूळ बदलले, स्लीपर बदलले, बॉयलर बदलले, चाकेंहि बदललीं. मग हे लोक राखितात तें काय? या आक्षेपाचें उत्तर वारकऱ्याला विचारावें. पंढरीच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांतील एकहि माणूस तीनशें वर्षांपूर्वींचा नाहीं. टाळ नवे, पताका नव्या, वाटहि पुष्कळ ठिकाणीं नवी. तरी वारी तीच. कारण वारी ही वस्तु नव्हे, ती करण्याची क्रिया आहे. आणि करणाऱ्यांची साखळी तुटली नाहीं, तोंवर ती जुनीच. टालीलिनच्या बाबतींत साखळी विशेष घट्ट आहे. मूळचीं दोन्ही इंजिनें, चारहि डबे आणि गार्डाचा डबा आजहि तेथें कामावर आहेत. त्या डब्यांपैकीं बहुतेक बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत झालेले. ज्या शहरानें ते घडविले त्याच शहरांतील सभेनें ते वांचविले, हा योगायोग सुंदर आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोंचणारा आहे. ही गाडी वेल्श खाणकामगारांच्या घामावर उभी राहिली. ते डोंगराच्या पोटांत दिव्याच्या उजेडांत दगड फोडीत, आपली भाषा बोलत, आपल्या प्रार्थनामंदिरांत गात. आज त्या रुळांवर बहुतेक इंग्रजी बोलणारे हौशी लोक उन्हाळ्याची मौज करितात. एकाचें पोट होतें तें दुसऱ्याचें खेळणें झालें. ही गोष्ट खरी आहे, आणि तिच्यावर पांघरूण घालूं नये. परंतु हेंहि खरें कीं, खाणकामगारांची ती जीविका स्वयंसेवकांनीं हिरावली नाहीं. ती बाजारानें आणि दरडीनें आधींच नेली होती. रूळ भंगारांत गेले असते, तर त्या कामगारांची आठवण जागी ठेवणारी कोणती खूण त्या खोऱ्यांत उरली असती? ओस खाणीचीं तोंडें आणि कबरस्तानांतील शिळा. आज निदान दरवर्षीं हजारों माणसें त्या मार्गानें जातात आणि विचारितात कीं, हे रूळ कोणासाठीं पडले? प्रश्न विचारण्याची जागा राहणें ही लहान गोष्ट नव्हे. मात्र त्या प्रश्नाचें उत्तर देतांना खाणीचें काळें पाणी आणि कामगारांचे खोकले विसरून नुसती वाफेची शोभा दाखविली, तर तें राखणें अर्धवट होईल.

टविनमध्यें १९८४ पासून दर उन्हाळ्यांत एक शर्यत होते. माणसें शेतांतून, चिखलांतून, ओढ्यांतून धांवत गाडीशीं पैज लावितात. गाडी आबेरगिनोल्विनला जाऊन परत येते, आणि डब्यांत बसलेले लोक खिडकींतून आपल्या नातलगांना ओरडून उत्तेजन देतात. कित्येक माणसें गाडीच्या आधीं पोंचतात. ज्या यंत्रानें एके काळीं माणसाला हरविलें, त्याच्याशीं माणूस आतां हंसत धांवतो. तो दिवस या गाडीचा खरा उत्सव होय.

लेख संपविण्यापूर्वीं दृष्टि घराकडे वळणें साहजिक आहे. आपल्याकडेहि लहान रुळांच्या गाड्या होत्या. १८९७ पासून बार्शीला नेणारी, पुढें पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना घेऊन जाणारी बार्शी लाईट. १९०७ सालीं आदमजी पीरभाईंच्या घराण्यानें माथेरानचा डोंगर चढविलेली गाडी. आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे व तेथून मँचेस्टरकडे धाडण्यासाठीं घातलेली, लोकांनीं लाडानें शकुंतला म्हटलेली, मूर्तिजापूरची गाडी. यांपैकीं माथेरानची तेवढी आपल्या अरुंद रुळांवर अजून डोंगर चढते. बार्शीचे रूळ रुंद झाले आणि जुनी गाडी गेली. शकुंतलेच्या गाड्या थांबल्या आहेत. कापसाच्याच दोरीनें टालीलिन आणि शकुंतला एकमेकींशीं बांधलेल्या होत्या, हें या लेखाच्या प्रारंभीं सांगितलेल्या हकीकतीवरून दिसेल. एकीला वेळेवर ७० माणसें भेटलीं.

प्रत्येक जुनी गाडी राखतां येणार नाहीं, आणि राखूंहि नये. ज्या गांवाला रुंद रुळांची गरज आहे त्याला अरुंद रुळांवर कोंडून ठेवणें हा अन्यायच होय. परंतु कोणती वस्तु जाऊं द्यावी आणि कोणती धरून ठेवावी, हा निर्णय सरकारी यादीवर अथवा भंगाराच्या भावावर सोडून आपण मोकळे झालों, तर मागाहून हळहळण्याचा आपला अधिकार राहत नाहीं. सर हेडन यांच्यापाशीं एक शब्द होता, रोल्ट यांच्यापाशीं एक पत्र, आणि त्या सभेंतील माणसांपाशीं सुटीचे थोडे दिवस. एवढ्या भांडवलावर सात मैलांची आगगाडी सत्तरांहून अधिक वर्षें चालली आहे. सरोवरापर्यंत ती अजूनहि पोंचत नाहीं. परंतु उद्यांच्या सकाळपर्यंत पोंचण्याची तिची खात्री आहे, कारण पहांटें उठून विस्तव घालणारा कोणीतरी तेथें आहे.